वाड्यातला पाच मिनिटांचा प्रसंग: एकच लांब टेक की दोन कॅमेऱ्यांचं कव्हरेज?

नवा_दिग्दर्शक

लघुपटातल्या एका प्रसंगाबद्दल सल्ला हवा आहे. जागा सदाशिव पेठेतला जुना दुमजली वाडा. चौक १५ बाय १५ फूट, चारी बाजूंनी कौलांपर्यंतची उंची २० फूट. भोवती ओसरी, आणि उत्तरेच्या ओसरीतून माजघरात जायचं दार. वाडा दोन दिवस मिळणार आहे, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिला दिवस पूर्ण तालमीला देता येईल.

प्रसंग असा: मुलगा दिंडी दरवाज्यातून आत येतो, चौक ओलांडतो, ओसरीवर काका बसलेत त्यांच्याशी दोन वाक्यं बोलतो, मग माजघरात आईकडे जातो. काका मागोमाग येतात. वाडा बिल्डरला द्यायच्या करारावर सही करायची की नाही, यावरून तिघांचं वाजतं. साडेचार पानं, वाचून पाच मिनिटं. शेवटची दोन मिनिटं तिघंही एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात.

साहित्य: सोनी एफएक्स ३ आणि एफएक्स ३० हे कॅमेरे, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र), वायरलेस फॉलो फोकस (लांबून फोकस फिरवायची रिंग), एक बूम (दांडीवरचा माइक), तीन लेपल (कपड्यांत लपवायचे छोटे माइक). माणसं: कॅमेरामन, त्याचा सहायक, फोकस पुलर, साउंड रेकॉर्डिस्ट आणि एक मदतनीस, लाइटचे दोन दादा.

मला सगळं एका टेकमध्ये हवं आहे, कारण दरवाज्यापासून माजघरापर्यंतचं घर अखंड दिसायला हवं. संकलक म्हणतो, दोन कॅमेरे लावा, मास्टर (सगळा प्रसंग दाखवणारी रुंद फ्रेम) आणि क्लोज (एकेक चेहरा जवळून) असं कव्हरेज घ्या, नाहीतर संकलनाच्या टेबलावर माझ्या हातात काही राहणार नाही. कोणत्या मुद्द्यांवर हे ठरवावं?

कडीपाट

चौकाची मापं दिलीत हे फार बरं केलंत. तुमचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

जानेवारीच्या मध्याला पुण्यात सूर्य माथ्याकडे येतो तो बाराला नाही, पावणेएकच्या सुमाराला, आणि तेव्हाही तो दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर. २० फुटांच्या दक्षिणेकडच्या बाजूची सावली त्या वेळी पावणेसतरा फूट पडते. चौक १५ फुटांचा. म्हणजे फरशीवर ऊन उतरतच नाही; ते उत्तरेच्या खांबांवर पडतं, जमिनीपासून दोनेक फुटांपर्यंत. तुमचं माजघराचं दार नेमकं त्याच बाजूला आहे. भर दुपारी मुलगा दाराशी पोचला की अंगावर कडक ऊन, मागे काळोख, आणि दर टेकला उन्हाची कड थोडी सरकलेली.

सकाळी दहापर्यंत हेच ऊन डोक्याच्या उंचीच्या वर राहतं. दुपारी साडेतीननंतर पुन्हा तसंच. वळचण बरीच पुढे आलेली असेल तर दोन्हीकडे थोडा वेळ जास्त मिळेल. त्यामुळे खाली चौकात सारखा, मऊ उजेड मिळायच्या वेळा दोनच: सकाळी आठ ते दहा आणि साडेतीन ते सव्वापाच. पाच मिनिटांचा टेक, आणि सगळ्यांनी पहिल्या जागेवर यायचं, करारपत्र नवं ठेवायचं, घाम टिपायचा, मॉनिटरवर एकदा बघायचं, यात आणखी बारा मिनिटं सहज जातात. सकाळी सात टेक, संध्याकाळी सहा. संपूर्ण लांब टेक घ्यायचा असेल तर एवढीच शिल्लक आहे, आणि संध्याकाळचे टेक सकाळच्या टेकला जोडता येतीलच असं नाही, कारण माडीच्या कठड्यावरचं ऊन सकाळी पश्चिमेच्या बाजूला असतं, दुपारी पूर्वेच्या.

दुसरी अडचण एक्स्पोजरची. सावलीतला चौक आणि एका खिडकीचं माजघर यांत पाच स्टॉपचा फरक सहज निघतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याने आपोआप संवेदनशीलता बदलणं) लावू नका, दारातून जाताना उजेड उसळी मारल्यासारखा बदलतो आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. माजघर आधी वर आणा: ३०० वॅटचे दोन एलईडी, दोन्ही मिळून साडेतीन अँपिअरच्या आत बसतात, पण जुन्या वाड्याचं वायरिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि दोघांना वेगवेगळे सॉकेट द्या. कडीपाटावर (लाकडी छतावर) उजेड मारून बाउन्स करू नका, काळं लाकूड सगळा उजेड पिऊन टाकतं. कड्यांच्या मधे थर्माकोल बसवा आणि त्यावर मारा. आतला उजेड बाहेरच्यापेक्षा दोन स्टॉप कमी राहिला की घर घरासारखं दिसतं. उरलेल्यापैकी एक स्टॉप आयरिसची (लेन्सच्या छिद्राची) मोटर फिरवून, मुलाची पाठ फ्रेममध्ये सगळ्यात मोठी असते त्या क्षणी घ्या. पाठीचा गडद रंग तो बदल झाकतो.

फोकस_नऊफूट

लेन्स कोणती ते लिहिलं नाहीत. अशा जागेत २८ मिमी धरून चालतो.

फुल फ्रेमवर २८ मिमी, माणूस दोन मीटरवर: एफ ४ ला (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) दीड मीटरपासून जवळजवळ २.९ मीटरपर्यंत शार्प मिळतं. एफ २ केलंत तर १.७ ते २.३६. म्हणजे मुलगा पुढे आणि काका त्याच्या मागे पाऊणएक मीटरवर असले तर एफ ४ ला दोघंही दिसतात, एफ २ ला फोकस पुलरला दर वाक्याला एक चेहरा सोडावा लागतो. मऊ पार्श्वभूमीचा मोह इथे आवरा. लांब टेकमध्ये प्रेक्षक स्वतः कुठे बघायचं ते ठरवतो, आणि त्याने पाहिलेला चेहरा धूसर असेल तर टेकचा अर्थच राहत नाही.

तालमीच्या दिवशी पुढच्या क्रमाने जा. आधी कॅमेऱ्याशिवाय नट चालू द्या. मग टेकचे पाच-सहा थांबे पाडा: दिंडी दरवाजा, चौकाचा मध्य, काकांसमोर, उंबरठा, आईजवळ, तिघं एकत्र. प्रत्येक थांब्यावर कोण जवळ, कोण लांब हे कागदावर काढा. क्लोज हवा असेल तर नटाला कॅमेऱ्याकडे आणा. कॅमेरा नटाच्या मागे धावायला लागला की घर मागे पडतं आणि कसरत दिसते. त्यानंतर एक फेरी मोबाइलवर घ्या, त्याची मुख्य लेन्स २४-२६ मिमीच्या आसपास असते, अंदाज बरोबर येतो. गिंबल सगळ्यात शेवटी. प्रत्येक थांब्याचं अंतर टेपने मोजून फॉलो फोकसच्या पांढऱ्या रिंगवर खुणा करा, फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या. कॅमेरा, मोटर, ट्रान्समीटर आणि गिंबल मिळून साडेतीन-चार किलो होतात. सलग चार टेकनंतर ऑपरेटरचे खांदे थरथरायला लागतात आणि ते शेवटच्या मिनिटात दिसतं, म्हणजे नेमकं भांडणात. दर तीन टेकनंतर दहा मिनिटं विश्रांती वेळापत्रकात लिहून ठेवा.

वाड्यात चुकतं ते उंबरठ्यावर. तो सहा-सात इंच उंच असतो आणि वरची चौकट खाली. गिंबल कॅमेऱ्याचं कलणं-वळणं सांभाळतं, पण पाऊल चढताना होणारा वर-खाली झोका तीन अक्षांचं गिंबल काढत नाही. दोन्ही बाजूंना लाकडी फळीचा उतार करा, फळीवर सतरंजीचा तुकडा टाका, आणि सहायकाने ऑपरेटरला मागून कमरेला धरून न्यायचं. पायात फक्त मोजे. दार कॅमेऱ्यासाठी पुरेसं रुंद आहे का ते हँडल लावलेलं गिंबल प्रत्यक्ष नेऊनच बघा, नकाशावर नाही.

बूमवाला

आवाजाचा विचार अजून कुणी मांडला नाही, आणि निर्णय त्यावरही फिरतो.

आधी वेळ. सकाळी आठ ते दहा पेठेत शाळेच्या रिक्षा, घंटागाडी, कुकरच्या शिट्ट्या आणि वळचणीतले पारवे. दुपारी एक ते साडेतीन पेठा शांत असतात, दुकानं बंद. म्हणजे उजेड चांगला तेव्हा आवाज वाईट, आणि आवाज चांगला तेव्हा चौक वापरता येत नाही. पाच मिनिटांच्या टेकमध्ये चौथ्या मिनिटाला हॉर्न वाजला तर तुमच्याकडे पर्याय दोनच: टेक एनजी (बाद) करणं किंवा ते वाक्य डब करणं. कव्हरेजमध्ये तेवढंच वाक्य दुसऱ्या अँगलमधून मिळतं.

लांब टेकमध्ये बूम २८ मिमीच्या फ्रेमच्या वर राहायला हवा. चौकात ते जमतं, माजघरात छत आठ फुटांचं असेल तर माइक आणि फ्रेम यांत जागाच उरत नाही. म्हणून तिघांनाही लेपल लावा आणि बूम फक्त चौकात आणि ओसरीत चालवा. आईला कडक खळीची सुती किंवा रेशमी साडी नको, पदर माइकवर घासतो. धुऊन मऊ झालेली साडी, लेपल ब्लाउजच्या गळ्याच्या काठाशी आतून, टेपच्या दोन त्रिकोणांमध्ये दाबून. मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर आपटतात, त्या पदराखाली एका टाक्याने अडकवा. रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा (बारीक आणि मोठा आवाज दोन्ही सांभाळणारा) मिळाला तर घ्या, कुजबुज आणि ओरडणं एकाच टेकमध्ये आहे. बंदोबस्त म्हणून टेक संपल्यावर नट तिथेच असताना सगळे संवाद एकदा कॅमेऱ्याशिवाय वाइल्ड (फक्त आवाज) घ्या, आणि माजघर, ओसरी, चौक यांचा ॲम्बियन्स (कुणी बोलत नसतानाचा जागेचा आवाज) प्रत्येकी एक मिनिट.

दोन कॅमेऱ्यांत आवाजाचा वेगळा सापळा आहे. एका कॅमेऱ्यावर वाइड आणि दुसऱ्यावर टाइट एकाच वेळी लावू नका. बूम वाइडमधून बाहेर ठेवावा लागतो, म्हणजे टाइटमधला चेहरा अगदी जवळ आणि आवाज खोलीच्या पलीकडून. दोन्ही कॅमेरे साधारण एकाच आकाराच्या फ्रेमवर ठेवलेत तर बूम दोघांनाही जवळ आणता येतो.

टाइमलाइन

संकलकाची बाजू मांडतो, पण त्याच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत नाही.

आधी शेवटची दोन मिनिटं घ्या. तिघंही एकमेकांवर बोलतात. हे एका कॅमेऱ्याने एकेक चेहरा करून घेतलंत तर दर क्लोजमध्ये समोरच्याचं वाक्य अंगावर चढलेलं असेल, आणि प्रत्येक टेकला वेगळ्या जागी. ते कापताच येत नाही. नटांना थांबून थांबून बोलायला लावलंत तर भांडण मरतं. वाक्यं खरोखर एकमेकांवर पडायची असतील तर मार्ग दोनच: तिघंही एका फ्रेममध्ये, किंवा दोन कॅमेरे एकाच वेळी समोरासमोरच्या चेहऱ्यांवर. त्यामुळे माजघरात दोन कॅमेरे लावण्याचं कारण सोय हे नाही, संवादाची रचना हे आहे.

पहिली तीन मिनिटं उलट. तिथे एक माणूस घरात शिरतो आणि घर दिसतं. मध्ये कट मारून काहीही मिळत नाही, चौक किती पावलांचा आहे हे मात्र हरवतं. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि तिथे मास्टर-क्लोज घ्यायला लावणं ही वेळेची नासाडी आहे.

तरीही पाचही मिनिटं एका दमात हवीच असतील, तर जोडाच्या, म्हणजे दोन टेक न कळता जोडायच्या, दोन जागा आत्ताच ठरवा. हिशेब सांगतो. प्रसंगाचे तीन तुकडे धरा आणि प्रत्येक तुकडा दोनपैकी एका वेळी नीट जमतो असं माना. तिन्ही एकाच टेकमध्ये जमायची शक्यता आठात एक. सहा टेकमध्ये असा एक तरी पूर्ण टेक मिळण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के. जोड शक्य असतील तर प्रत्येक तुकडा सहांत एकदा जमला की पुरे, आणि ती शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. म्हणून नियम ठेवा: पहिल्या मिनिटात चूक झाली तर लगेच कट, वेळ वाचवा. तिसऱ्या मिनिटानंतर चुकलं तर थांबू नका, शेपूट उपयोगी पडतं.

जोड कुठे लपवायचा? हिचकॉकच्या 'रोप'मध्ये (१९४८) काही जोड माणसाच्या पाठीवर लपवले आहेत, कारण ३५ मिमी फिल्मचा १००० फुटांचा डबा ११ मिनिटांत संपायचा. तुम्हालाही पाठच बरी. ओसरीचा खांब सोपा वाटतो, पण माप बघा: २८ मिमीवर फ्रेमची रुंदी अंतराच्या १.२९ पट असते, म्हणजे नऊ इंचांचा खांब पूर्ण फ्रेम झाकायला कॅमेरा त्याच्यापासून सात इंचांवर यायला हवा. माणसाच्या सतरा इंच पाठीला तेरा इंच पुरतात. मुलगा दारात थांबतो, कॅमेरा त्याच्या गडद शर्टावर येतो, तीन-चार फ्रेम भरतात, पुढे सरकतो. दोन्ही टेकमध्ये कॅमेऱ्याचा वेग सारखा ठेवा, पाठीवर येऊन थबकू नका. थबकलं की प्रेक्षकाला जोड कळतो.

नवा_दिग्दर्शक

हे सगळं वाचून मन बदललं. दिंडी दरवाज्यापासून आईपर्यंत, काका दारात येऊन उभे राहतात तोपर्यंत, सुमारे तीन मिनिटं अखंड. भांडण दोन कॅमेऱ्यांवर. आता दोन शंका. माजघरात दोन कॅमेरे एकमेकांना न दिसता कसे लावायचे? आणि तीन मिनिटांनंतर अचानक कट आला तर तो टोचणार नाही का?

टाइमलाइन

टोचेल, आणि टोचायलाच हवा. तीन मिनिटांत एकही कट नसेल तर पहिला कट सगळ्या प्रसंगातला सगळ्यात मोठा आवाज होतो. तो कुणाच्या चेहऱ्यावर पडणार हे शूटिंगच्या आधी ठरवा. माझ्या मते आईवर, करारपत्र तिच्या पुढ्यात पडतं त्या क्षणी. काका बोलायला लागण्याच्या आधी. तो कट काकांवर खर्च केलात तर पुढचं भांडण काकांचं होईल.

जोडासाठी एक काम न विसरता करा: लांब टेक कागद पडल्यावर थांबवू नका, पुढची सहा वाक्यं तशीच चालू द्या. दोन कॅमेऱ्यांचे टेकही कागद पडण्याच्या सहा वाक्यं आधीपासून सुरू करा. नट त्या भावनेत येऊन पोचतात आणि कट कुठेही सरकवायला जागा राहते.

कडीपाट

दोन कॅमेऱ्यांची मांडणी. मालिकांच्या सेटवर तीन कॅमेरे चालतात कारण तिथे चौथी भिंत नसते आणि लाइट वरून टांगलेले असतात. माजघरात दोन्ही नाही, म्हणून खिडकीच्या आधाराने जा.

आई आणि मुलगा यांना जोडणारी रेषा खिडकीला समांतर बसवा, म्हणजे उजेड दोघांच्याही बाजूने येतो आणि समोरासमोर घेतानाही दोन्ही चेहरे सारखेच उजळतात. काकांना दारात, त्या रेषेच्या टोकाशी उभं करा. दोन्ही कॅमेरे खिडकीच्या उलट्या भिंतीकडे, रेषेच्या एकाच बाजूला. ए कॅमेरा आईच्या खांद्यामागून मुलगा आणि काका यांच्यावर, बी कॅमेरा मुलाच्या खांद्यामागून आईवर, दोन्ही सजेशन (कडेला समोरच्याचा खांदा दिसणारी फ्रेम). प्रत्येक कॅमेऱ्यासमोरचा खांदा दुसऱ्या कॅमेऱ्याला झाकतो. एफएक्स ३ ला ५० मिमी, एफएक्स ३० चा सेन्सर दीडपट क्रॉप आहे म्हणून त्याला ३५ मिमी, फ्रेमचा आकार जवळजवळ सारखा येईल. नटांचे लुक (नजरा) लेन्सच्या शक्य तितके जवळ. कॅमेरे रेषेपासून लांब गेले की दोघांचे अर्धेच चेहरे मिळतात, हा या मांडणीतला नेहमीचा दोष आहे.

दोन्हीला २५ फ्रेम, शटर १/५०, उजेडाचा रंग केल्विन आकड्यात लॉक, एस-लॉग ३ ला (रंग नंतर जुळवण्यासाठीचं सोनीचं सपाट चित्र) आयएसओ ८००. एफएक्स ३ ची वरची पायरी १२,८०० आहे आणि एफएक्स ३० ची २,५००, त्यामुळे अंधार वाटला म्हणून एकच कॅमेरा वर चढवू नका, लाइट वाढवा. टाइमकोड (कॅमेरे आणि रेकॉर्डर यांचं सामाईक घड्याळ) सकाळी जुळवला तरी जेवणानंतर पुन्हा जुळवा.

वेळापत्रक मग आपोआप बसतं. सकाळी आठ ते दहा चौकातला लांब टेक. आता तो तीन मिनिटांचा आहे, परत जागेवर यायला दहा मिनिटं धरली तरी आठ-नऊ टेक निघतील. दुपारी एक ते साडेतीन, पेठ शांत असताना, माजघरातलं भांडण. उत्तरेच्या खांबांवरचं ऊन दारातून आत फेकलं जाईल, ते अडवायला माडीच्या खांबांना दोऱ्या बांधून दाराच्या वर मांजरपाटाचं १२ बाय ८ चं कापड ताणा. कठड्याला बांधू नका, जुना कठडा ओढ सहन करेलच असं नाही. साडेतीननंतर लांब टेकचे राहिलेले प्रयत्न, पण ते सकाळच्याशी जोडायचे नाहीत, सुरुवातीपासून पूर्ण घ्यायचे.

बूमवाला

दुपारच्या मांडणीत एक भर. काका दारात आहेत, त्यांच्यापर्यंत एक बूम पोचणार नाही. बूम आई-मुलाच्या मधोमध, काकांना लेपल. आणि शेजारच्या बिऱ्हाडांना आदल्या दिवशीच भेटून दुपारी एक ते साडेतीन नळ, मिक्सर आणि टीव्ही याबद्दल विनंती करा. ओसरीवर मदतनीस उभा ठेवा, कुणी जिन्यावरून उतरायला लागलं तर त्याने हात वर करायचा. लाकडी जिन्याची करकर लेपलवरही येते.